नव्या पुस्तकावर लेखकाशी गप्पा ठेवताय? मग ही तयारी

लेखकाने होकार दिला की पहिला फोन हॉलला जातो. तो जावाच, पण त्याच दिवशी दुसरा फोन प्रकाशकाला जायला हवा. पुस्तकाच्या दोन प्रती मागवाव्यात, एक मुलाखत घेणाऱ्यासाठी आणि एक निवेदकासाठी. पुस्तक अजून छापखान्यात असेल तर पीडीएफ मागावी, पण ती शेवटचे मुद्रितशोधन झालेली आहे का, हे विचारून घ्यावे. आधीच्या मुद्रितावरून प्रश्न काढले आणि मधल्या काळात एखादे प्रकरण गळाले किंवा पानांचे आकडे सरकले, तर ऐन व्यासपीठावर फजिती होते. पीडीएफ कितीही वाचलेली असो, कार्यक्रमात हातात छापील प्रतच हवी आणि पानांचे आकडे तिच्यावरून पुन्हा ताडून घेतलेले हवेत.

तारखेचे म्हणाल तर ठाण्यात नवरात्र टाळावे. टेंभीनाक्याच्या देवीच्या गर्दीत स्टेशनपासून तलावपाळीपर्यंत गाडी हलत नाही. गणपतीत विसर्जनाचे दिवस टाळावेत, हे वेगळे सांगायला नको. रविवार सकाळ ठेवायची असेल तर लोकलचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद, असणार हे गृहीत धरूनच वेळ ठरवावी. ब्लॉकचे वेळापत्रक एक-दोन दिवस आधीच कळते, तोवर पत्रिका सगळीकडे फिरलेली असते. वाशीला कार्यक्रम असेल आणि श्रोते ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने यायचे असतील तर शनिवारी संध्याकाळी साडेसहा ही वेळ बरी.

पुस्तक वाचायला तीन आठवडे हवेत, कारण ते दोनदा वाचायचे आहे. पहिल्या वाचनात हातात पेन्सिल नको. कुठे कंटाळा आला, कुठे पान उलटायची घाई झाली, हे वाचक म्हणूनच कळते आणि समोर बसणारे श्रोते वाचकच असतात. दुसऱ्या वाचनात तीन रंगांच्या चिकटपट्ट्या घ्याव्यात. एक रंग आपण अडलो त्या जागेसाठी, दुसरा निवेदन, काळ किंवा भाषा बदलते तिथे, तिसरा वाचून दाखवण्याजोग्या उताऱ्यासाठी. एकूण बारा खुणांच्या वर जाऊ नये. चाळीस पट्ट्यांचे पुस्तक अभ्यासू दिसते, पण हवे ते पान त्यात सापडत नाही.

मलपृष्ठावरचा मजकूर सगळ्यात शेवटी वाचावा, ऋणनिर्देश मात्र सगळ्यात आधी. खर्डा कोणी वाचला, कोणत्या गावात मुक्काम होता, कोणत्या ग्रंथालयातून कागद मिळाले, हे सगळे त्या एका पानात असते. श्रेयनामावलीच्या पानावर पूर्वप्रसिद्धीची नोंद असेल तर ती सोन्यासारखी. पुष्कळ मराठी पुस्तकांचे बीज एखाद्या दिवाळी अंकातल्या कथेत किंवा लेखात असते. तो जुना अंक मिळवून दोन्ही मजकूर शेजारी ठेवावेत. शेवट बदलला का, पात्राचे नाव बदलले का, दहा पानांची साठ कशी झाली? लेखनप्रक्रियेवरचा सगळ्यात चांगला प्रश्न इथे आयता मिळतो. ठाणेकरांना त्यासाठी फार लांब जायला नको. १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय गावातच आहे. लेखकाचे जुने, आता दुकानात न मिळणारे पुस्तकही आधी तिथे विचारावे. मात्र शेवटच्या आठवड्यात गेलात तर ते कोणीतरी घरी नेलेले असण्याची शक्यता धरा.

आता प्रश्न. ‘हे पुस्तक कसे सुचले?’ आणि ‘तुमच्या लेखनप्रक्रियेविषयी काही सांगा’ हे दोन प्रश्न यादीतून काढून टाकावेत. विषय वाईट म्हणून नव्हे. या प्रश्नांची उत्तरे लेखकाची पाठ झालेली असतात. पाठ उत्तर सुरू झाले की लेखकाचा आवाज एका पट्टीत जातो आणि तिसऱ्या रांगेत मोबाइल उजळू लागतात. हवी तीच माहिती, पण प्रश्न पानावरून काढावा. ‘चौथ्या प्रकरणापर्यंत मुलगी स्वतः बोलते, पाचव्यापासून कोणीतरी तिच्याबद्दल बोलते. पहिल्या खर्ड्यातही असेच होते का?’ किंवा ‘आई पुस्तकभर एकही वाक्य पूर्ण करत नाही. हे लिहितानाच ठरले, की नंतर वाक्ये छाटली?’ असे विचारले की लेखकाला आठवावे लागते, आणि आठवत बोलणारा माणूस ऐकावासा वाटतो. प्रश्न शक्यतो ‘का’ने सुरू करू नये. ‘का’ म्हटले की माणूस समर्थन करू लागतो. ‘कधी’, ‘किती’, ‘आधी काय होते’ असे विचारले की तपशील येतो. किती खर्डे झाले, काढून टाकलेला सगळ्यात मोठा भाग कोणता, पहिले वाचन कोणाकडे, मध्ये लेखन किती काळ बंद होते, हाताने लिहिता की टंकता, आणि टंकताना वाक्यांची लांबी बदलली का?

पुस्तकाच्या जातीप्रमाणे प्रश्न बदलतात. कवितासंग्रहात क्रम विचारावा: पहिली कविता पहिली का आली, किती कविता बाहेर ठेवल्या. ‘का’ इथे चालतो, कारण कवीला क्रमाबद्दल सहसा कोणी विचारत नाही आणि त्याला सांगायचे असते. अनुवादात मूळ भाषेतले एकच वाक्य आणि त्याचे मराठी रूप लिहून न्यावे. ‘अनुवादातली आव्हाने’ असा ढोबळ प्रश्न नको. चरित्रात किंवा संशोधनपर पुस्तकात, दोन साधने एकमेकांच्या विरोधात गेली तेव्हा कोणते धरले, हे विचारावे. मुलांच्या पुस्तकात चित्रकार आधी आला की मजकूर, आणि पाने फॉर्मात, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचात, बसवताना मजकूर किती कापला, हे हमखास रंगते. छपाईचा फॉर्म साधारणपणे सोळा किंवा आठ पानांचा असतो. सोळा पानांच्या फॉर्मात चौतीस पानांची गोष्ट बत्तीस पानांत आणण्याची झटापट मुलांच्या लेखकांना चांगली ठाऊक असते.

पन्नास मिनिटांच्या गप्पांना नऊ किंवा दहा मुख्य प्रश्न पुरतात. एका चांगल्या उत्तराला चार-पाच मिनिटे लागतात. त्यातले चार ‘सोडायचेच नाहीत’ म्हणून वेगळे करावेत. प्रश्न पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डांवर लिहावेत, एका कार्डावर एकच, वर मोठ्या अक्षरात एक शब्द आणि खाली पान क्रमांक. कोपऱ्याला भोक पाडून दोरा ओवावा. सुटे कागद पंख्याच्या वाऱ्याने उडतात आणि मोबाइलवरून प्रश्न वाचणारा माणूस कितीही तयारीचा असो, मेसेज बघतोय असेच खालून वाटते.

लेखकाशी आधी एक फोन व्हावा, पंधरा-वीस मिनिटांचा. प्रश्न पाठवू नयेत, विषय सांगावेत. कोणता विषय काढायचा नाही ते विचारावे: घरातले आजारपण, चालू खटला, मोडलेली मैत्री. नावांचे उच्चार विचारावेत, पुस्तकातल्या गावांचेसुद्धा. जिना चढता येतो का, गोळ्या किती वाजता असतात, कोणत्या कानाने नीट ऐकू येते? हा शेवटचा प्रश्न विचारायचा संकोच करतात आणि मग लेखक तासभर मान वळवून बसतो. मुलाखतकाराची खुर्ची त्या कानाच्या बाजूला ठेवावी, बस्स. फोनवर लेखक एखादा झकास किस्सा सांगू लागला तर तिथेच थांबवावे: ‘हे त्या दिवशीच सांगा.’ त्याच माणसाला दुसऱ्यांदा सांगितलेली गोष्ट अर्धी शिळी असते. संबोधनही तेव्हाच ठरवून टाकावे. मुलाखतकार आणि लेखक जुने मित्र असतील, घरी अरे-तुरे असेल, तरी व्यासपीठावर ‘तुम्ही’च बरे. नाहीतर श्रोत्यांना दुसऱ्याच्या दिवाणखान्यात चुकून शिरल्यासारखे होते.

उताऱ्याची तयारी वेगळी. मोठ्याने मराठी वाचताना मिनिटाला साधारण शंभर ते एकशेवीस शब्द होतात, म्हणजे अडीचशे शब्दांचे पान दोन मिनिटांच्या वर जाते. पाच मिनिटांच्या वाचनाला दोन पाने पुरे. लेखकाला ‘आवडेल ते वाचा’ असे सांगितले तर अकरा मिनिटे जातात. उतारा पुस्तकातून न वाचता कागदावर छापून घ्यावा: अठरा पॉइंट, दीडपट ओळ, एकाच बाजूला, आणि पानाच्या शेवटी वाक्य तुटायला नको. मजकूर मागवताना युनिकोडमध्येच मागावा. जुन्या फॉन्टमधली फाइल आपल्या संगणकावर उघडली की देवनागरीच्या जागी चिन्हांचा काला दिसतो, आणि हे नेहमी आदल्या रात्री कळते. दोन पात्रांचा चुरचुरीत संवाद असलेला उतारा आधी आणि वर्णनाचा नंतर, असा क्रम ठेवावा. शेवटच्या प्रकरणातले काही वाचू नये. विक्री व्हायची आहे.

व्यासपीठावर दोन खुर्च्या, चाके नसलेल्या, हात फार उंच नसलेल्या, एकमेकींकडे तिरप्या. सोफा नको. त्यात माणूस मागे रेलतो आणि आवाजही मागे जातो. मध्ये गुडघ्याएवढे टेबल, पाणी ग्लासात ओतून. बाटलीचे झाकण माइकसमोर कडकडते.

आवाजाची बाजू कच्ची राहिली तर वरचे सगळे पाण्यात. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लागतो आणि तिथेच पदर, मंगळसूत्र, ओढणी घासते. कडक इस्त्रीचा खादी कुर्ताही खसखसतो. म्हणून लेखकाला कपड्यांची कल्पना आधी द्यावी किंवा हातातला कॉर्डलेस द्यावा. हातातला असेल तर वाचनासाठी वेगळा स्टँडचा माइक हवाच. एका हातात माइक, दुसऱ्या हातात कागद, आणि पान उलटताना माइक कमरेशी जातो. स्पीकरचे खोके माइकच्या पुढे हवेत. मागे असले की शिट्टी येणार, आणि ध्वनिवाला मग आवाज कमी करत बसणार. सेल नवे घालावेत, जादा जोडी टेबलाखाली ठेवावी. चाचणीत ‘हॅलो, हॅलो’ नको. लेखकाने खरा उतारा खऱ्या आवाजात एक मिनिट वाचावा. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि पुरेसा वाटतो. माणसे भरली की तो शोषला जातो, म्हणून ध्वनिवाल्याने गप्पा सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटे जागेवरून हलायचे नाही.

ध्वनिमुद्रण ध्वनिवाल्याच्या मिक्सरमधून, म्हणजे सगळे माइक जोडलेल्या यंत्रातून, थेट घ्यावे आणि जोडीला टेबलावर एक मोबाइल, विमान मोडवर, चालू ठेवावा. मिक्सरमध्ये श्रोत्यांचे हसू आणि माइकशिवाय विचारलेला प्रश्न येत नाही, म्हणून मुलाखतकाराने प्रत्येक प्रश्न पुन्हा उच्चारायचा. काही कॅमेरे अर्ध्या तासाने आपोआप थांबतात आणि काही मेमरी कार्डांवर चार जीबीच्या वर एक फाइल बसत नाही. आदल्या दिवशी भिंतीसमोर चाळीस मिनिटे चालवून बघावे. मुद्रण पुढे कुठे टाकणार हे लेखकाला आणि प्रकाशकाला लेखी कळवावे. संपूर्ण कविता किंवा कथा वाचली जाणार असेल तर परवानगी हवीच. लेखकाच्या निधनानंतरही साठ वर्षे हक्क वारसांकडे असतात, त्यामुळे ‘जुन्या कवीच्या चार ओळी’ फलकावर छापतानासुद्धा वर्ष मोजून घ्यावे.

वेळ अशी बसते: जाहीर साडेसहा, सुरुवात सहा चाळीसला. प्रास्ताविक तीन मिनिटे, परिचय दोन, वाचन पाच, गप्पा पन्नास, दुसरे वाचन चार, श्रोत्यांचे प्रश्न चौदा, आभार दोन. आठला संपते. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि तीन मान्यवरांचे ‘दोन शब्द’ यात घातले तर गप्पा निम्म्यावर येतात. सत्कार करायचाच असेल तर शेवटी, उभ्या उभ्या. परिचयात पुरस्कारांची यादी वाचू नये, ती पत्रिकेत छापावी. श्रोत्यांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्यावेत. प्रवेशदारात कागद आणि छोटी पेन्सिल, सव्वासातला गोळा. माइक फिरवला की पहिलेच गृहस्थ स्वतःच्या कविता सांगू लागतात.

लेखक पुण्याहून रेल्वेने येणार असेल तर त्याची गाडी ठाण्याला थांबते का ते पाहावे, सगळ्या थांबत नाहीत. मोटारीने येणार असेल आणि कार्यक्रम घोडबंदर रस्त्याच्या बाजूला असेल तर शनिवारी संध्याकाळसाठी तासभर हातचा ठेवावा.

शंभर खुर्च्यांच्या हॉलसाठी नव्या पुस्तकाच्या पंचवीस-तीस प्रती आणि आधीच्या प्रत्येकाच्या पाच, परतीच्या बोलीवर. किंमत त्या दिवसापुरती शंभर-पन्नासात बसेल अशी ठेवली की सुट्या पैशांची कटकट वाचते. क्यूआर कोड हॉलच्या आत उभे राहून तपासावा. तळघरातल्या सभागृहात रेंज नसते आणि रांग तिथेच तुंबते. टेबल बाहेरच्या बाजूला, पण दारात नव्हे. स्वाक्षरीसाठी साधे बॉलपेन ठेवावे, जेलची शाई समोरच्या पानावर उमटते. रांगेतल्या प्रत्येकाकडून नाव चिठ्ठीवर लिहून घेऊन ती पुस्तकात घालावी. ऋतुजा की रुतुजा, मिताली की मिथाली हे लेखकाने विचारत बसायला नको, आणि चुकले तर पुस्तक परत घ्यावे लागते.

त्याच रात्री मुद्रणाची फाइल दोन ठिकाणी उतरवावी, उरलेल्या प्रती मोजून आकडा प्रकाशकाला कळवावा, आणि मानधनाचा लिफाफा लेखक गाडीत बसण्याआधी त्याच्या हातात गेला का, हे एकाच माणसाला विचारावे. दोघांवर सोपवले की तो कोणाच्या तरी खिशात राहतो.