रायडर कप पाहताना गुणांची वही कशी मांडावी

कुस्तीचे फड पाहत वाढलेल्या सांगलीकराला गोल्फ परका वाटतो, कारण नेहमीच्या स्पर्धेत चार दिवसांच्या फटक्यांची बेरीज होते आणि कोण कोणाशी लढतो आहे हे डोळ्यांना दिसत नाही. अमेरिका आणि युरोप यांच्या संघांत होणाऱ्या रायडर कपमध्ये मात्र लढत समोरासमोर होते, म्हणून ज्यांना हा खेळ समजून घ्यायचा आहे त्यांनी सुरुवात याच स्पर्धेपासून करावी, असे मला मनापासून वाटते.

आधी थोडा इतिहास. इंग्लंडमधील सेंट अल्बन्सचे सॅम्युएल रायडर बियाण्यांचे व्यापारी होते. एका पेनीला बियांची पुडी टपालाने घरपोच पाठवून त्यांनी व्यवसाय वाढवला. शेतीवर जगणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील वाचकाला हा तपशील जवळचा वाटावा. त्यांनी दिलेल्या सोन्याच्या चषकावर त्यांचे गोल्फ शिक्षक एब मिचेल यांची छोटी मूर्ती आहे. पहिला अधिकृत सामना १९२७ मध्ये अमेरिकेतील वूस्टर येथे झाला आणि अमेरिकेने ब्रिटनला ९½–२½ असे हरवले. पुढील अनेक दशके अमेरिकेचेच वर्चस्व राहिले, म्हणून अमेरिकेचे नामवंत गोल्फपटू जॅक निक्लॉस यांच्या सूचनेनंतर १९७९ पासून युरोप खंडातील खेळाडूंनाही समोरच्या संघात स्थान मिळाले. चुरस खरी तेव्हापासून वाढली. १९८५ मध्ये युरोपने चषक जिंकला.

आता वही उघडावी. एका पानावर अमेरिका आणि युरोप असे दोन रकाने आखावेत आणि एकूण २८ ओळी मोजून ठेवाव्यात, कारण सामने तितकेच असतात. शुक्रवारी आणि शनिवारी प्रत्येकी आठ सामने जोड्यांचे होतात. त्यांपैकी चार फोरसम्स, म्हणजे दोघांत एकच चेंडू आणि फटका आळीपाळीने. उरलेले चार फोरबॉल, म्हणजे प्रत्येकाचा चेंडू वेगळा आणि जोडीतील ज्याचे फटके कमी त्याचीच नोंद धरायची. फोरसम्समध्ये एकाची चूक दुसऱ्याला निस्तरावी लागते, म्हणून माझ्या मते संघाची खरी परीक्षा तेथेच होते. रविवारी प्रत्येक संघाचे बाराही खेळाडू एकेरीत उतरतात.

प्रत्येक सामन्यात फटक्यांची बेरीज नाही, तर जिंकलेले होल, म्हणजे चेंडू खळग्यात घालण्याचे टप्पे, मोजतात. दोन होल उरले असताना एखादा तीन होलने पुढे असेल तर सामना तेथेच संपतो आणि तो ‘३ अँड २’ असा लिहितात. जिंकल्यास एक गुण, बरोबरीत प्रत्येकी अर्धा. बुद्धिबळाची परंपरा असलेल्या सांगलीत अर्ध्या गुणाचे मोल वेगळे सांगायला नको. कुस्तीत जोड दोन्ही पैलवान पाहून लावतात, येथे मात्र दोन्ही कर्णधार आपापल्या यादीतील क्रम प्रतिस्पर्ध्याची यादी न पाहताच देतात, म्हणून याद्या जाहीर होताच त्या वहीत उतरवून घ्याव्यात.

पानाच्या माथ्यावर दोन आकडे ठळक लिहावेत: १४½ आणि १४. चषक जिंकून घ्यायला १४½ गुण लागतात, पण ज्यांच्याकडे तो आधीपासून आहे त्यांना १४ पुरतात. २०२५ मध्ये अमेरिकेतील बेथपेज येथे युरोपच्या शेन लाउरीने अखेरच्या होलवर पट, म्हणजे चेंडू खळग्यात ढकलण्याचा हलका फटका, घालून बरोबरी साधली आणि त्या अर्ध्या गुणाने गतविजेत्या युरोपचे १४ पूर्ण झाले. अंतिम निकाल १५–१३ असा लागला. एखादा खेळाडू जखमी झाल्यास काय, याची नोंदही करून ठेवावी: त्याच रविवारी युरोपचा व्हिक्टर होवलँड दुखापतीमुळे खेळू न शकल्याने तो सामना न खेळताच दोन्ही संघांना अर्धा अर्धा गुण मिळाला.

१९६९ ची गोष्ट मात्र वहीच्या पहिल्या पानावर असावी. इंग्लंडमधील रॉयल बर्कडेल येथे शेवटच्या सामन्यातील शेवटच्या होलवर ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा छोटा पट उरला होता. निक्लॉसने तो खेळू न देता मान्य केला आणि स्पर्धा इतिहासात प्रथमच १६–१६ अशी बरोबरीत सुटली (तेव्हा सामने ३२ होते). प्रतिस्पर्ध्याचा पट असा सोडून देण्याची मुभा नियमांतच आहे, पण अशा घडीला ती वापरायला मोठे मन लागते.

पुढील स्पर्धा सप्टेंबर २०२७ मध्ये आयर्लंडमधील अडेअर मॅनर येथे आहे. तेथील घड्याळ तेव्हा आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, त्यामुळे सकाळचे सामने आपल्याकडे जेवणाच्या वेळेच्या आसपास सुरू होतील. रविवारची एकेरी सहसा उशिरा सुरू होते, म्हणून त्या दिवशी संध्याकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत वही हाताशी ठेवावी.