एजंटांच्या टीमकडून साइट करून घेताय? या चुका टाळा

दिवाळी फराळाच्या ऑर्डरी घेणारी एखादी छोटी मराठी साइट घ्या. चार एआय एजंट (सांगितलेलं काम स्वतःच कोड लिहून करणारे प्रोग्रॅम) लावले की ती पहिल्या दिवशीच उभी राहते. खरी गंमत पुढे, सुधारणांच्या फेऱ्यांत. काल चालणारं बटण आज चालत नाही, दोन पानांवर दोन वेगळे हेडर दिसतात, आणि अहवालात मात्र चौघांचंही 'काम पूर्ण, सगळ्या टेस्ट पास'. एकेकटा एजंट बघितला तर काम नीटच करत असतो. शेजाऱ्याने काय केलं याचा त्याला पत्ता नसतो, आणि बहुतेक बिघाड तिथेच सापडतात.

सगळ्यांना एकाच फोल्डरमध्ये सोडणं

लक्षण ओळखीचं आहे: केलेली दुरुस्ती आपोआप नाहीशी होते. एकाने फाइल वाचली, तेवढ्यात दुसऱ्याने ती बदलली, मग पहिल्याने स्वतःकडची जुनी प्रत सुधारून वरून लिहिली. यावर गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) २.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, वर्कट्रीची सोय आहे. रेपो, म्हणजे कोडचा साठा, एकच, पण प्रत्येक एजंटला स्वतःचं फोल्डर आणि स्वतःची ब्रँच, म्हणजे बदलांची वेगळी शाखा. शाखा एकत्र (मर्ज) करताना कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच ओळीवर दोघांचे बदल, येतील, पण ते निदान डोळ्यांना दिसतात.

तेवढ्याने निर्धास्त मात्र होऊ नका. फाइल्स वेगळ्या झाल्या तरी पोर्ट (संगणकावर साइट ज्या क्रमांकावर उघडते तो) आणि डेटाबेस सामाईकच राहतात. ३००० वर आधीच सर्व्हर चालू असेल, तर नेक्स्ट जेएस या साइट बनवायच्या साधनाचा डेव्ह सर्व्हर (काम चालू असताना साइट दाखवणारा) ३००१ वर सुरू होतो. टेस्ट करणारा एजंट ३००० उघडतो, भलत्याचीच प्रत तपासतो आणि 'बदल दिसत नाही' म्हणून चांगला कोड पुन्हा उकरायला घेतो. प्रत्येकाला पोर्ट नेमून द्या. तो मोकळा नसेल तर पुढे जायचं नाही, हेही लिहून द्या.

हुद्दे वाटणं

'तू सीनियर डिझायनर, तू डेव्हलपर, तू टेस्टर' अशी वाटणी करायला मजा येते. पण मग एक बटण तीन हातांतून जातं आणि दर वेळी ते तसं का केलं होतं हे मागे राहतं. वाटणी साइटच्या भागांप्रमाणे करा: कार्ट एकाकडे, पदार्थांची पानं दुसऱ्याकडे. रंग, हेडर, फॉन्ट या सामाईक गोष्टी एकाच एजंटने बदलायच्या. आणि पाच पानांची साइट असेल तर एक एजंट पुरतो. अँथ्रॉपिकने जून २०२५ मध्ये स्वतःच्या संशोधन-यंत्रणेबद्दल लिहिताना सांगितलं होतं की अनेक एजंटांची रचना साध्या चॅटच्या सुमारे १५ पट टोकन (एआय वाचतं-लिहितं त्या मजकुराचे तुकडे, ज्यांवर बिल ठरतं) खाते. ते बिल कोण भरणार, हे आधी ठरवा.

ज्याने केलं त्यालाच तपासायला सांगणं

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ही. फराळाच्या साइटवर ती कशी घडते बघा. एका एजंटने किंमत दाखवताना जावास्क्रिप्टच्या नंबरफॉरमॅटला मराठी लोकेल (भाषेची सेटिंग) दिला. पडद्यावर '₹१,२५०' आलं. छान. दुसऱ्याने कार्टची बेरीज करायला पडद्यावरचाच आकडा उचलला आणि चिन्ह काढून पार्सइंटला, म्हणजे मजकुरातून संख्या काढणाऱ्या फंक्शनला, दिला. पार्सइंटला देवनागरी अंक कळत नाहीत. बेरजेच्या जागी 'नॅन', म्हणजे 'ही संख्या नाही', आलं. दुरुस्ती करणाऱ्याने काय करावं? 'आकडा नसेल तर शून्य धर' अशी एक ओळ टाकली. एरर गेली, टेस्ट हिरवी झाली आणि अडीच किलो चकली शून्य रुपयांत विकायला लागली.

मूळ रक्कम डेटात साध्या अंकांत ठेवायची, देवनागरी रूप फक्त दाखवताना द्यायचं. तपासणाऱ्या एजंटला कोड लिहायची परवानगी नको आणि टेस्ट बदलायची तर मुळीच नको. त्याने प्लेराइटने (ब्राउझर आपोआप चालवणारं साधन) खरा ब्राउझर उघडून ऑर्डर द्यावी आणि बेरीज स्वतंत्रपणे पडताळावी.

तरीही काही गोष्टी टेस्टमध्ये सापडत नाहीत. शीर्षक 'मोकळं' दिसावं म्हणून लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलं की शिरोरेखा तुटते. लाइन-हाइट (ओळीची उंची) कमी आणि ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेरचं लपवणं) असेल, तर वरच्या वेलांट्या नि खालचे उकार कापले जातात. कोडमध्ये पानाची भाषा इंग्रजी अशीच नोंदलेली राहिली, तर नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असूनही हिंदी वळणाचे दिसतात. ३६० पिक्सेल रुंदीचे स्क्रीनशॉट मागवा आणि स्वतः बघा. हे काम दुसऱ्यावर सोपवू नका.

'सुधारत राहा' असं सांगून झोपायला जाणं

थांबायचं कधी हे सांगितलं नाही, तर एजंट थांबत नाही. वेग हवा असेल तर आकडा द्या: मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा, पानाची उडी (उघडताना मजकूर किती सरकतो त्याचं माप, सीएलएस) ०.१ च्या आत. सोबत काय काढायचं नाही तेही सांगा, नाहीतर लाइटहाउसचा (साइटचा वेग मोजणारं गूगलचं साधन) स्कोअर वाढवायला तो तुमचा मराठी फॉन्टच उडवेल.

खऱ्या डेटाबेसची किल्ली देणं

जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंग सेवेच्या एजंटने, बदल करू नको असं बजावलेलं असताना, एका वापरकर्त्याचा चालू डेटाबेस पुसला. कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. नुसती सूचना म्हणजे कुलूप नव्हे. पासवर्डच देऊ नका. ग्राहकांचे निरोप वाचणाऱ्या एजंटला तर नाहीच, कारण त्या निरोपात कोणीही हुकूम लिहून पाठवू शकतं.

आणि आधीच बिघडली असेल तर

आधी सगळे एजंट थांबवा. 'दुरुस्त कर' म्हणून पाचवा लावू नका. साइट ज्यात शेवटची नीट चालत होती तो कमिट (गिटमधली बदलाची एक नोंद) शोधा आणि गिट बायसेक्ट लावा; ते दर वेळी उरलेल्या कमिटमधला मधला तपासायला देतं. २०० कमिट असले तरी साधारण आठ तपासण्यांत दोषी कमिट हाती येतो. अट एकच: कमिट छोटे हवेत. एकेका कमिटमध्ये ४० फाइल्स कोंबल्या असतील, तर दोषी सापडूनही त्या ४० फाइल्स तुम्हालाच वाचाव्या लागतील.