मित्राच्या नावाचं बेट फ्रेममध्ये कसं बसवायचं

आमच्या संदीपची यंदा चाळिशी. केक, शाल सगळं देऊन झालेलं, म्हणून म्हटलं, त्याच्या नावाचा मुलूख शोधून त्याचा नकाशा द्यावा. साताऱ्यात एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे छपाई घरचीच. तुम्हाला करायचं असेल तर माझी चूक आधी ऐका.

पहिला तासभर मी 'संदीप' लिहून शोधत बसलो. अपार्टमेंटं मिळाली, हॉटेलं मिळाली, एक ब्रास बँडसुद्धा मिळाला. नाव कानाने शोधायचं, अक्षरांनी नाही. बांगलादेशात चितगावसमोर, मेघनेच्या मुखाशी एक बेट आहे. लिहितात 'सन्द्वीप', पण बंगालीत तो 'व' तोंडातच विरतो आणि ऐकू येतं 'शोन्दीप'. झालं काम!

आता आजचा नकाशा काढून मोकळे होऊ नका. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची उपग्रहचित्रं दिसतात, ती एकेक मागे सरकवा. आपला अजिंक्यतारा आहे तिथेच असतो. या बेटाचा काठ मात्र दर चित्रात वेगळा. गंगा, ब्रह्मपुत्रा, मेघना तिघींचा गाळ इथे येतो. एकीकडे किनारा कोसळतो, दुसरीकडे नवं 'चर' वर येतं. (तिकडे चर म्हणजे गाळाचं बेट, आपण खणतो ती चर नव्हे.) त्यामुळे नकाशावर साल टाकायचंच.

हवामानासाठी नुसती वर्षाची बेरीज घेऊ नका. महिन्यांचा तक्ता करा आणि शेजारच्या रकान्यात मित्राच्या गावचा पाऊस लिहा. संदीप म्हसवडचा. त्या माण तालुक्यात वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर, बेटावर तीन हजारांच्या वर. जून लागला की दोन्हीकडे पावसाचीच वाट. उन्हाळ्यात आपल्याकडे वळीव, तिकडे कालबैशाखी. पण तिथे चक्रीवादळांचे मोसम दोन: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. २९ एप्रिल १९९१ च्या रात्री सुमारे सहा मीटर उंच पाणी चढलं; त्या किनाऱ्यावर १,३८,००० च्या आसपास माणसं गेली. वाढदिवसाच्या फ्रेमवर हे लिहावं का, यावर मी दोन दिवस अडलो. शेवटी एप्रिलचा चौकोन लाल केला आणि खाली फक्त तारीख घातली.

तळाला इतिहासाची एक ओळ ठेवा, ओळखीचं माणूस निघालं तर उत्तम. मला शायिस्ताखान सापडला! १६६३ मध्ये लाल महालात बोटं गमावून तो बंगालच्या सुभेदारीवर गेला आणि १६६५ मध्ये त्याच्या आरमाराने हे बेट घेतलं.

कागद ए-थ्री घ्या आणि काचेची फ्रेम करा. लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते, मग रकाने वाचता येत नाहीत.

संदीपने फ्रेम घेतली आणि दोन्ही रकाने बोटाने खालपर्यंत वाचले.

"चारी बाजूंनी पाणी. आणि प्यायला?"

म्हटलं, तळी आहेत, पण वादळात समुद्र आत शिरला की तीही खारट होतात.

"मग आमचं म्हसवडच की रं ते."