चेन बदलायची की नाही, हे पट्टीला विचारा

सायकल दुरुस्तीच्या कामाला नवी लागलेली मुलं चेन काळी दिसली की लगेच ‘बदलावी लागेल’ म्हणतात. गिऱ्हाईक विचारतं, किती किलोमीटरला बदलायची? मी दोन्हींवर विसंबत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात चिखलातून फिरलेली चेन आणि पुसून, तेल देऊन सांभाळलेली चेन यांच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आधी चेन पुसा, मग मोजा.

स्टीलची फूटपट्टी पुरते. नव्या चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच. पेडल किंचित दाबून चेन ताणलेली ठेवा, पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा. नवी चेन असेल तर 12 इंचांची खूणही पिनेच्या मध्यावर येते. पिना आणि त्यांच्याभोवतीची भोकं झिजली की कडीकडीत ढिलाई येते आणि ती पिन खुणेच्या पुढे सरकते. दीड मिलिमीटर पुढे म्हणजे अर्धा टक्का वाढ. मागे 11-12 चकत्यांची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) असेल तर चेन इथेच बदला. 10 किंवा कमी असतील तर पाऊण टक्का, म्हणजे सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास चालतं. तीन मिलिमीटरच्या पुढे गेली, तर बहुधा कॅसेटही सोबत गेलेली असते.

कॅसेट नुसती बघून ठरवू नका. गिअर सहज पडावा म्हणून काही दाते कारखान्यातूनच आखूड, तिरके येतात; नवखा त्यालाच झीज समजतो. नवी चेन टाका आणि सायकल चढावर न्या. स्टँडवर चाक फिरवून हे कळत नाही, पायाचा जोर लागतो. रोजच्या वापरातल्या एक-दोन चकत्यांवरच चेन खटकन उडाली तर कॅसेट झिजली. सगळ्याच गिअरांत ठरावीक फेऱ्यांनी उडत असेल, तर एखादी कडी आखडलेली आहे. ती मोकळी करा. गिअरची तारही त्याआधी तपासलेली हवी.

पुढची चेनरिंग, म्हणजे पेडलजवळची दातेरी चकती, बरीच जास्त टिकते. दाते आकड्यासारखे वाकले किंवा चेन खालून सुटेना, तेव्हाच तिचा विचार करा.

गिऱ्हाइकाला पट्टी लावून दाखवा. अख्खा सेट बदला, असं दुसरीकडे ऐकून आलेल्या एका कॉलेजच्या मुलाची चेन जेमतेम एक मिलिमीटर वाढली होती. तेल दिलं, बिलावर तारीख आणि माप लिहिलं. पुढच्या वेळी तोच कागद घेऊन ये, म्हणून सांगितलं.