आजीच्या बाळंतपणांची नोंद कशी करावी

गोव्यातल्या आयांचा इतिहास म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी आहे आणि त्या गेल्या की तो जातो, म्हणून आजच बसा. मोबाइलचा रेकॉर्डर आणि दोनशे पानी वही पुरते. एका वेळी पाऊण तासच बोला, दुपारची जेवणं आटोपल्यावर. घरातली माणसं भोवती असली की आजी हात राखून बोलते. एकटी असताना गाठा. मध्येच कोकणीवर गेली तर शब्द तसेच उतरवा.

‘मुलं किती?’ असं विचारू नका. उत्तरात जगलेलीच येतात. ‘दिवस किती वेळा राहिले?’ असं विचारा आणि प्रत्येक खेपेला वहीचं एक पान द्या: बाळंतपण माहेरी की सासरी, सुईण कोण, नाळ कशानं कापली, शेक-शेगडी किती दिवस, विहिरीवर पाण्याला पुन्हा कधी गेली. गेलेल्या मुलापाशी आवाज अडकला तर रेकॉर्डर बंद करा. त्या दिवशी पुढचं काही विचारू नका.

सन विचारलात तर अंदाज मिळतो. ‘पाखले गेले तेव्हा धाकटी पोटात होती की पाळण्यात?’ असं विचारलंत (पाखले म्हणजे पोर्तुगीज) तर 19 डिसेंबर 1961 ची, गोवा मुक्तीच्या दिवसाची, खूण सापडते. पुढच्या खेपांसाठी जानेवारी 1967 चा ओपिनियन पोल, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का याचं मतदान, धरा.

मग नोंदणी कार्यालय. मुक्तीपूर्वीच्या नोंदी पोर्तुगीजमध्ये आहेत. लग्नात नाव बदललेलं असतं, म्हणून माहेरचं नाव घेऊन जा. स्पेलिंगही पोर्तुगीज वळणाचं: शांता बहुधा ‘एक्स’खाली, कमल ‘सी’खाली. ‘के’मध्ये शोधणाऱ्याला वाटतं, नोंदच नाही.

शेवटचे दोन प्रश्न सर्वांत मोलाचे, घाई करू नका. मुक्तीनंतर गावोगावी प्राथमिक शाळा निघाल्या; मुलीला तिथं घालायचं कुणी ठरवलं, आणि मग घरची कामं कुणी उचलली? दुसरा वाटणीचा. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता इथं लागू झाल्यापासून मुलींनाही मुलांइतका हिस्सा आहे. तरी हक्क सोडल्याच्या कागदावर आजीनं सही केली का, तेव्हा तो तिला कुणी वाचून दाखवला का?

आठवड्यानं सगळं तिला वाचून दाखवा. राहिलेलं एखादं मूल तेव्हा आठवतं. त्याच्यासाठी वहीत कोरं पान ठेवलेलं असू द्या.