गोड्या मसाल्यासाठी सियागंजची शनिवारची फेरी

इंदुरात गोड्या मसाल्याचं सामान शोधत कॉलनीतल्या किराणा दुकानात वेळ घालवू नका. धणे-जिरे तिथे मिळतील, दगडफूल क्वचितच. शनिवारी सकाळी थेट सियागंजचा घाऊक किराणा बाजार गाठा आणि दगडफुलाच्या हिंदी नावाने ‘पत्थरफूल’ मागा.

घेताना हातात घेऊन नीट बघा. पाकळ्या मोठ्या, कोरड्या हव्यात. एक बाजू काळपट, दुसरी फिकट राखाडी. तळाचा भुगा घेऊ नका, त्यात झाडाची साल आणि खडे जास्त असतात. दगडफूल नुसतं शेवाळ नव्हे, खडकावर-झाडावर वाढणारा बुरशी आणि शैवालाचा जोडजीव आहे, म्हणून ही घाण येतेच. घरी चाळून, निवडूनच वापरा. कच्च्याला वास फारसा नसतो, तेव्हा वास येत नाही म्हणून माल परत करू नका. चमचाभर तेलात मंद आचेवर काही सेकंद परतलं की तो खमंग दरवळ सुटतो. काळं होऊ दिलंत तर मसाला कडवट होतो.

वजनाला हे इतकं हलकं की ५० ग्रॅमची पिशवीही चांगली फुगते. दोन-तीन शेजारणींनी मिळून घ्यावं, हे माझं आग्रहाचं सांगणं. मसाल्यात सुकं खोबरं आणि तीळ असतात, ते लवकर खवट होतात. म्हणून एकदम वर्षाचा मसाला कुटू नका.

तिथेच ‘रामतिल’ही विचारा. चटणीचे कारळे तेच, आणि मध्य प्रदेशात ते पिकतात.