सिरॅमिक ब्रेक घ्यायचे का स्टीलचे? खान्देशात स्पोर्ट्स कार चालवणाऱ्यांसाठी

भाऊ, पहिले एक गोंधळ मिटवू. ज्याला सगळे स्टील ब्रेक म्हणतात त्याची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, खरं तर बिडाची असते, आणि दुकानात मिळणारे सिरॅमिक पॅड (डिस्कला दाबून घासणारा भाग) म्हणजे सिरॅमिक ब्रेक नाही, पॅड बदलला तरी डिस्क तीच राहते. खरी कार्बन-सिरॅमिक डिस्क म्हणजे पोर्शेने २००१ च्या ९११ जीटी२ ला दिली तसली. वजन बिडाच्या जवळपास निम्मं, गंज नाही, अलॉयवर काळी पावडर नाही.

मग गाडी लवकर थांबते का, तर एकदाच ब्रेक मारला तर नाही. चाक लॉक होऊ न देणारं एबीएस दोन्हीत चालू होतं, तिथून पुढे सगळं टायरवर. फरक पडतो तो ट्रॅकवर, लॅपमागून लॅप २०० च्या वरच्या स्पीडवरून ब्रेक मारता तेव्हा. तिथेही बरेच जण बिडाच्याच डिस्क टाकतात कारण जास्त तापून कार्बन जळाला की नवीन सेटचा खर्च ऐकूनच घाम फुटतो.

आपलं चालवणं म्हणजे जळगाव-धुळे हायवे, नाहीतर कन्नड घाट उतरून चाळीसगाव. मे महिन्यातल्या ४५ डिग्रीची काळजी डिस्कला नको, सारख्या जोरात ब्रेकिंगला ती स्वतःच काहीशे डिग्रीला जाते. घाटात पेडल मऊ पडलं तर बऱ्याचदा दोष जुन्या ब्रेक ऑइलचा असतो, ते उकळलं की पेडल मऊ पडतं. डॉट ४ ग्रेडचं ऑइल नवीन असताना किमान २३० डिग्रीला उकळतं पण हवेतला ओलावा पिऊन पिऊन १५५ पर्यंत येऊ शकतं. म्हणून दर २ वर्षांनी बदला, उतारावर खालचा गियर ठेवा. माझं मत सरळ आहे, आपल्याकडे बिडाच्याच डिस्क घ्या आणि उरलेले पैसे टायरला लावा.

सेकंड हँड गाडीला सिरॅमिक आधीच असतील तर चाकं काढून डिस्कची कड बघा, कपची उडालेली नको. डिस्कवर किमान वजन छापलेलं असतं, त्यापेक्षा कमी भरली तर गेली कामातून. पंक्चरवाल्याकडे तर बाजूला उभेच राहा, एका ओळखीच्याचं चाक काढताना अलॉय डिस्कवर आपटला अन् कड फुटली, लाखाचं काम.

सिरॅमिकची खूण म्हणून पिवळ्या कॅलिपरवर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) भरोसा ठेवू नका, रंग कोणीबी मारतो. गाडी धुवून रात्रभर तशीच उभी ठेवा, सकाळी डिस्क तांबूस दिसली तर बिडाचीच.